बिदरी हुक्क्याचे तळभांडे : ओळख, काळनिर्णय आणि जतन

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील एखाद्या जुन्या वाड्यात, किंवा वाडा पाडल्यानंतर मोडीच्या दुकानात, घंटेच्या आकाराचे, हातास जड लागणारे आणि एकच तोंड असलेले भांडे दृष्टीस पडण्याचा संभव असतो. त्याचा रंग मळकट करडा झालेला असतो आणि अंगावर काही वेलबुट्टी असावी असा केवळ भास होतो. घरातील मंडळी त्यास फुलदाणी किंवा सुरई म्हणतात. मोडवाला ते जस्ताच्या भावाने घेतो. आणि ज्या घरी त्याचा मान राखला जातो त्या घरी बहुधा ते दिवाळीच्या सुमारास चिंच व राख लावून घासले जाते. या तिन्ही प्रकारांत तिसरा सर्वांत घातक होय. नाव चुकले तर ते पुढे दुरुस्त करता येते, विकलेली वस्तू क्वचित परतही मिळते. परंतु घासून गेलेला पृष्ठभाग पुन्हा मिळत नाही, आणि या वस्तूविषयी जे काही जाणून घ्यावयाचे ते बहुतांशी त्या पृष्ठभागावरच लिहिलेले असते.

हे भांडे म्हणजे हुक्क्याचे तळभांडे, आणि त्यावरील काम बिदरी. बीदर शहर आज कर्नाटकात असले तरी उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्याचेच भाग होते. राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा अस्तित्वात आल्यावर त्यात समाविष्ट झाले. देगलूर, कंधार, नांदेड हा भागही त्याच हैदराबाद संस्थानातील. तेव्हा बिदरी कामास या प्रदेशात जवळचे गिऱ्हाईक होते असे मानण्यास हरकत नाही. मात्र उदगिरास सापडलेली वस्तू बीदरचीच असली पाहिजे, असा उलट न्याय लावता येत नाही. हीच कारागिरी पुढे लखनौ, पूर्णिया आणि मुर्शिदाबाद येथेही चालत असे, आणि वस्तू माणसांबरोबर प्रवास करतात. "निजामाच्या दरबारातील" ही विक्रेत्यांची आवडती उपपत्ती तर पुरावा म्हणून विचारातच घेऊ नये.

प्रथम भांड्याचे स्वरूप पाहू. हुक्क्याचे मुख्य भाग चार : तंबाखू व निखारे ठेवण्याची चिलीम, तिच्या खालचा उभा नैचा, ओढण्याची नळी, आणि तळाचे पाण्याचे भांडे. नैच्यात दोन मार्ग असतात. एक चिलमीपासून निघून पाण्यात बुडतो. दुसरा पाण्याच्या पातळीच्या वर उघडतो आणि ओढण्याच्या नळीस मिळतो. ओढणाऱ्याने हवा ओढली की भांड्यातील दाब कमी होतो व चिलमीतील धूर पाण्यातून बुडबुड करीत वर येतो. हे दोन्ही मार्ग भांड्यात एकाच तोंडातून उतरत असल्यामुळे भांड्यास दुसरे छिद्र लागत नाही. करवंटीची साधी गुडगुडी मात्र याला अपवाद आहे. तिला बाजूस ओढण्याचे भोक असते. नैचा व नळी ही लाकूड, वेत, कापड अशा नाशवंत पदार्थांची असल्याने ती झिजून टाकली गेली, चिलीम फुटली, आणि धातूचे तळभांडे तेवढे मागे राहिले. एकट्या पडलेल्या या भांड्यास फुलदाणी समजण्याची चूक म्हणूनच इतकी सार्वत्रिक आहे. सुरईचा गळा ओतण्याच्या सोयीने घडविलेला असतो. तळभांड्याच्या गळ्यावर नैचा बसविण्यासाठी जाड कंगोरा असतो. एवढा भेद लक्षात ठेवला तरी बरेच काम होते. अशा काही भांड्यांच्या बुडास अलीकडे पाडलेले भोक दिसते. ते विजेच्या दिव्याची तार नेण्यासाठी पाडलेले असते, त्याचा हुक्क्याशी संबंध नाही.

काळनिर्णयाची एक मर्यादा तंबाखूच्या इतिहासानेच घालून दिली आहे. तंबाखू हिंदुस्थानात पोर्तुगीजांच्या मार्गाने आली व दख्खनमध्ये आधी रुळली. अकबराच्या दरबारातील असद बेग याने १६०४-०५ च्या सुमारास ती विजापुराहून उत्तरेस नेऊन बादशहापुढे ठेवल्याचे स्वतःच नमूद केले आहे. दरबारी हकिमाने या अपरिचित पदार्थास विरोध केला होता. १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली, यावरून त्या बारा-तेरा वर्षांत तिचा प्रसार किती झपाट्याने झाला असावा याची कल्पना येते. बिदरी कामाचा उगम बहमनी काळात शोधण्याची परंपरा आहे आणि बीदर ही बहमनींची राजधानी होती हे खरेच. परंतु बहमनी काळातील म्हणून निःशंकपणे दाखविता येईल असा बिदरी हुक्का असू शकत नाही, कारण त्या राज्याच्या अंतापर्यंत येथे हुक्काच नव्हता. तळभांड्यास "पंधराव्या शतकातील" अशी चिठ्ठी लावलेली आढळल्यास ती तत्काळ काढून टाकावी.

या मर्यादेच्या अलीकडे आकार उपयोगी पडतो. सतराव्या शतकातील व अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील तळभांडी बहुधा गोल, चेंडूसारखी असत. ती स्वतःच्या आधाराने उभी राहत नसल्याने त्यांखाली एक कडे ठेवावे लागे. लघुचित्रांतील हुक्क्यांवरून या क्रमास दुजोरा मिळतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुंद व सपाट बुडाचे घंटाकृती भांडे प्रचारात आले आणि एकोणिसाव्या शतकात तेच सर्वत्र दिसू लागले. मराठवाड्यात सापडण्याचा अधिक संभव याच दुसऱ्या प्रकाराचा. गोल भांडे मिळाल्यास त्याचे कडे त्याच घरात अन्यत्र, कदाचित हंड्याखालचे कडे म्हणून, वापरात आहे काय हे विचारून पाहणे अगत्याचे.

नक्षीवरून काळ ठरविताना अधिक सावधगिरी हवी. औरंगजेबाने १६५७ मध्ये बीदरचा किल्ला घेतला. मोगली पद्धतीची फुलझाडे, म्हणजे एकेका कमानीत उभे केलेले खसखशीचे किंवा तत्सम फुलांचे रोप, दख्खनी कामात रुळण्यास या राजकीय घटनेची मदत झाली असावी. पण एकदा रुळलेली नक्षी कारागीर दोनशे वर्षे गिरवीत राहतो. म्हणून आकार, कामाची रीत आणि झीज या तिन्हींची साक्ष एकमेकींशी जुळल्याशिवाय केवळ फुलावरून शतक सांगू नये. रीतीची नावे कारागिरांनीच दिलेली आहेत. चांदीची तार खोबणीत ठोकून बसविली की ती तारकशी. पत्र्याचे तुकडे अंगाशी समपातळीत बसविले की तहनिशान. चांदी अंगाबाहेर उठावदार ठेवली की जरबुलंद. आणि सर्व पृष्ठभागावर पत्रा चढवून त्यात कापलेल्या जागांतून खालचा काळा धातू नक्षीसारखा दिसू दिला की आफताबी. जरबुलंद कामाची, विशेषतः माशांच्या आकृतींची, भांडी लखनौची असण्याचा संभव मोठा, कारण मत्स्य हे अवधच्या नबाबांचे चिन्ह होते. जुन्या कामात चांदीच्या जोडीस पितळही जडविलेले आढळते. पिवळी फुले दिसताच वस्तू नकली ठरविणे हे म्हणून घाईचे होईल.

आता धातूकडे वळू. सर्व प्रश्नाचे मर्म येथे आहे. बिदरी भांड्याचे अंग मुख्यतः जस्ताचे असते आणि त्यात थोडे तांबे मिसळलेले असते. बेंजामिन हाइन या वैद्याने १८१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात बीदरची कृती दिली आहे : १६ औंस तांबे, ४ औंस शिसे व २ औंस कथील एकत्र वितळवावयाचे आणि या मिश्रणाच्या दर ३ औंसांस १६ औंस जस्त घालावयाचे. हिशेब केल्यास यात जस्त सुमारे ८४, तांबे साडेअकरा, शिसे तीन आणि कथील दीड टक्का पडते. पुढच्या लेखकांनी दिलेले १६ भाग जस्तास १ भाग तांबे हे प्रमाण घेतले तर तांबे सहा टक्क्यांच्या आत राहते. प्रमाण बदलते, पण जस्ताचे प्राबल्य व तांब्याचे अस्तित्व या दोन गोष्टी कायम राहतात. १९८७ मध्ये सुसान ला निएस व ग्रॅम मार्टिन यांनी लंडनमध्ये केलेल्या तांत्रिक परीक्षणातही हेच दिसून आले.

ओतीव भांडे कानशीने घासून गुळगुळीत केले की त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवितात. त्याने पृष्ठभाग तात्पुरता काळसर होतो व त्यावर अणकुचीदार सळईने आखलेली नक्षी स्पष्ट दिसते. मग छिन्नीने खोबणी पाडून चांदी ठोकून बसवितात आणि सर्व अंग पुन्हा घासतात. या अवस्थेत भांडे करडे व चांदी पांढरी, म्हणजे नक्षी जवळजवळ अदृश्य असते. शेवटचा संस्कार होतो तो मातीचा. बीदरच्या किल्ल्यातील, जेथे ऊन-पाऊस पोहोचत नाही अशा जागेची माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून किंचित तापविलेल्या भांड्यावर चोळतात. अल्पावधीत अंग गर्द काळे होते. चांदीस काहीच होत नाही. तेलाचा हात फिरविला की काम संपले.

हा काळा रंग वरून दिलेला लेप नव्हे. नवसागर व मातीतील क्षार यांमुळे पृष्ठभागावरील काही जस्त निघून जाते, तांब्याचे प्रमाण त्या पातळ थरात वाढते आणि तांब्याच्या संयुगांमुळे तो थर काळा दिसतो. शुद्ध जस्तावर हाच लेप लावला तर असा काळा येत नाही. थोडेसे तांबे घालण्याची जुन्या कारागिरांची चतुराई यातच आहे. याचा एक परिणाम प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. क्ष-किरण प्रतिदीप्तीचे यंत्र भांड्याच्या काळ्या अंगावर लावल्यास तांब्याचा आकडा खऱ्यापेक्षा मोठा येतो, कारण यंत्र वरचाच थर वाचते. बुडाच्या आत, जेथे काळा संस्कार झालेला नाही, तेथील वाचन सोबत घेतल्याशिवाय मिश्रधातूचे प्रमाण प्रसिद्ध करू नये.

बिदरी ओळखण्याच्या साध्या कसोट्या यावरूनच निघतात. चुंबक चिकटल्यास वस्तू लोखंडी आहे. ती बहुधा कोफ्तगरी असेल. त्या कामात पोलादाचा पृष्ठभाग बारीक चरे पाडून खरबरीत करतात आणि चांदी-सोने त्यावर दाबून बसवितात, खोबणीत नव्हे. बुडाच्या कडेस, जेथे जमिनीशी घर्षण होते, तेथे पिवळी झाक दिसली तर अंग पितळेचे असून काळा रंग दिलेला आहे. पितळ पडले की पोचते. जस्ताचा मिश्रधातू ठिसूळ असल्याने त्याचा टवका उडतो किंवा तडा जातो, आणि तुटलेल्या जागी राखी, स्फटिकमय पोत दिसतो. दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून चांदीची कड पाहावी. खऱ्या जडावात तारेच्या काठाशी छिन्नीची खूण व ठोकल्याने किंचित पसरलेली चांदी दिसते. एखादी तार निघून गेली असेल तर रिकामी खोबण दिसते. रंगविलेल्या किंवा मुलामा दिलेल्या नकलेत खोबणच नसते. यांपैकी एकाही कसोटीस आम्ल, कानस किंवा ओरखडा लागत नाही. ओरखडा काढून परीक्षा करण्याची सोनाराची सवय येथे अगदी टाळावी.

भांडे जुने होते तसे त्याचे रंग उलटतात, आणि घोटाळा येथूनच सुरू होतो. चांदीवर हवेतील गंधकाच्या संयुगांनी काळी पुटे चढतात. जस्ताच्या अंगावर दमटपणामुळे पांढुरकी भुकटी येते. जे पांढरे असावयाचे ते काळे आणि जे काळे असावयाचे ते पांढरट. पाहणाऱ्यास सर्वच मळ वाटतो, व तो घासण्याचे साहित्य हाती घेतो. चिंच व लिंबू यांतील आम्ले तांब्या-पितळेवरील डाग काढतात म्हणून ती आपल्या घरांत विश्वासाची. पण जस्त आम्लात विरघळते आणि तीव्र अल्कलीतही विरघळते. राख ही अल्कलीच आहे. चिंचेनंतर राख लावणे म्हणजे जस्तावर दोन्ही बाजूंनी प्रहार करणे होय. काळा थर जातो, भांडे जस्ताच्या बादलीसारखे चकाकते आणि घरची मंडळी समाधान पावतात. बाजारातील चांदी उजळण्याचे द्रावणही आम्लधर्मी असते. ते चांदीस सोसते, जस्तास सोसत नाही. शिवाय जस्त व चांदी परस्परांस लागून असल्याने ओलावा मिळताच त्यांचा एक विद्युत्घट तयार होतो व त्यात नेहमी जस्ताचाच बळी जातो. तारेच्या काठचा धातू खंगतो, खोबण रुंदावते आणि चांदी सुटून पडते. म्हणून असे भांडे पाण्यात बुडविणे, मग ते स्वच्छ पाणी का असेना, योग्य नव्हे.

दुरुस्तीचा आरंभ लेखणीने करावा. भांडे जसे आले तसे सर्व बाजूंनी छायाचित्रित करून, वजन व मापे टिपून, कोणत्या गावी व कोणत्या परिस्थितीत मिळाले हे लिहून ठेवावे. नंतर मऊ कुंचल्याने कोरडी धूळ काढावी. चांदीवरील काळपटपणा काढावयाचा असेल तर अतिशय बारीक खडूची पूड थोड्या स्पिरिटात कालवून, काडीवर गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने, केवळ चांदीवरच फिरवावी. हे काम कंटाळवाणे आहे; तारकशीच्या भांड्यास कित्येक दिवस लागतात. पण एकदा कापडाने सगळे भांडे मिळून घासावयाचे ठरविले की काळे अंग वाचविता येत नाही. पांढऱ्या भुकटीसाठी भिंगाखाली बांबूची किंवा लाकडाची टोकदार काडी वापरावी, आणि भुकटी घट्ट बसलेली असेल तर ती तशीच राहू द्यावी. सुटलेला तुकडा डाग देऊन जोडू नये. जस्त ४२० अंशांच्या आतच वितळते आणि त्याहून पुष्कळ कमी उष्णतेनेही काळा थर बिघडतो. पॅरालॉइड बी-७२ सारखे पुन्हा विरघळविता येणारे राळयुक्त चिकटद्रव्य येथे पुरेसे होते. शेवटी तेलाऐवजी सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्यावा. खोबरेल तेल ही कारागिरांची जुनी रीत असून नव्या वस्तूस ती शोभते, परंतु जुन्या भांड्यावर ते खवट होते, त्यात आम्ले निर्माण होतात आणि धूळ धरून राहते.

वादाचा मुद्दा एकच उरतो. काळा थर पूर्णपणे गेला असेल तर तो पुन्हा आणावा काय? बीदरचा अनुभवी कारागीर हे सहज करू शकतो. ही परंपरा जिवंत आहे आणि त्यांतील शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. कारागिराच्या दृष्टीने काळ्याविना बिदरी हे अपूर्ण काम होय, आणि या म्हणण्यात तथ्य आहे. नक्षी दिसावी म्हणूनच ती काढलेली असते. उलट बाजूस, नवा काळा आणताना पृष्ठभाग आधी घासावा लागतो आणि त्यानंतर जस्ताचा आणखी एक थर खर्ची पडतो. छिन्नीच्या खुणा अधिक पुसट होतात व दोनशे वर्षांची झीज नव्या वस्तूसारखी दिसू लागते. संग्रहालयातील किंवा अभ्यासासाठी आलेल्या भांड्यावर हा संस्कार करू नये, आणि जेथे जुना काळा थर थोडाही शिल्लक आहे तेथे तर मुळीच नाही. घरात ठेवावयाचे, आधीच पूर्ण घासले गेलेले भांडे कारागिराकडे देण्यास प्रत्यवाय नाही. मात्र केव्हा व काय केले याची चिठ्ठी भांड्यात ठेवावी. गळालेली चांदी नव्याने भरण्यासही हाच नियम लागू आहे. नवा तुकडा जुन्यात बेमालूम मिसळला हे कारागिराचे कौशल्य असेल, परंतु पुढच्या अभ्यासकाची ती फसवणूक आहे.

भांड्याच्या आतील भागाविषयी सहसा कोणी बोलत नाही. आत पाणी असे, धूर असे. म्हणून वापरलेल्या तळभांड्यात पाण्याच्या पातळीची एक रेघ, पांढरे साके आणि तपकिरी-काळा चिकट राप आढळतो. वस्तू खरोखर ओढली गेली की केवळ शोभेसाठी वा परदेशी प्रदर्शनांसाठी घडविली गेली, याचा हा सर्वांत चांगला पुरावा होय. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर बिदरी वस्तूंना युरोपात मागणी वाढली. त्या मागणीची भांडी आतून स्वच्छ असणे स्वाभाविक आहे. रापाचा गव्हाएवढा कण वर्णलेखन पद्धतीने तपासला तर निकोटिन सापडू शकते, आणि गुडाखूत घातलेल्या गुळाचे किंवा सुगंधी द्रव्यांचे अंशही हाती लागणे अशक्य नाही. मराठवाड्यात कोण काय ओढीत असे याविषयी लेखी साधने थोडी असताना हा राप म्हणजे एक दफ्तरच म्हणावे लागेल, आणि ते गरम पाणी व सोड्याने पाच मिनिटांत धुऊन टाकता येते. आत काहीही घालू नये; तोंडावर स्वच्छ सुती कापड बांधून ठेवावे.

साठवणीसाठी कोरडी जागा हवी. नव्या लाकडाच्या किंवा ताज्या रोगणाच्या कपाटातील आम्लयुक्त वाफ जस्तास बाधते. लोकर व रबर यांतील गंधक चांदीस काळवंडविते. भांडे शंभर वर्षांहून जुने असेल तर १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमान्वये ते पुरावस्तू ठरते व देशाबाहेर नेता येत नाही, हेही मालकास सांगावे. तुलनेसाठी हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील बिदरी दालन नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यास रेल्वेच्या एका प्रवासाच्या अंतरावर आहे. तेथे जाताना आपल्याकडील भांड्याच्या गळ्याचे व बुडाचे मापासह रेखाटन सोबत न्यावे, कारण काचेआडच्या वस्तूंशी ताडून पाहण्यास नक्षीपेक्षा तेच अधिक उपयोगी पडते.